बुजरं पिल्लू मुंबईच्या फ्लॅटमध्ये कसं रुळवायचं

कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं, पिशवीतून बाहेर काढलं, आणि ते जे फ्रिजच्या मागे जाऊन बसलं ते बसलंच. खात नाही, बघत नाही, हात पुढे केला की अजून आत सरकतंय. घरातले सगळे हिरमुसतात, पोरं रडकुंडीला येतात, कारण व्हिडिओत बघितलेली पिल्लं कशी आल्या आल्या अंगावर उड्या मारतात. मग कोणीतरी हात घालून त्याला बाहेर ओढतं, मांडीवर घेतं आणि सगळे मिळून ‘काही नाही होत रे बाळा’ करत कुरवाळत बसतात. पहिल्या दिवशी हे एवढं जरी टाळलंत ना, तरी अर्धं काम झालं असं समजा.

घाबरलेल्या प्राण्याला सगळ्यात आधी अंतर लागतं. गावाकडे अंगण असतं, मागे परडं असतं, बुजरं पिल्लू कुठेतरी लाकडांच्या ढिगामागे जाऊन बसतं, तिथून माणसांना बघत राहतं आणि चार दिवसांनी आपलं आपण भाकरीच्या वासानं जवळ येतं. कोणी त्याला ‘ट्रेनिंग’ देत नाही. मुंबईत साडेचारशे स्क्वेअर फुटात चार माणसं, एक टीव्ही, एक वॉशिंग मशीन, आणि दर दहा मिनिटांनी बेल. पिल्लाला लांब जायचं तरी कुठे? त्यामुळे इथे ते अंतर आपल्याला मुद्दाम बनवावं लागतं, कधी जागेनं, कधी वेळेनं, कधी मध्ये चादर लावून. खाली जे जे सांगितलंय ते सगळं या एकाच गोष्टीसाठी आहे.

आधी ते बुजरं का आहे ते बघा

पिल्लाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार महत्त्वाचा. या काळात जे जे बघितलं, ऐकलं, हुंगलं ते त्याच्या डोक्यात ‘नॉर्मल’ म्हणून बसतं. जे या काळात दिसलंच नाही ते नंतर परकं आणि धोक्याचं वाटू शकतं. ब्रीडरच्या पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लानं पंखा, झाडू, लहान मूल, दाढीवाला माणूस यातलं काहीच पाहिलेलं नसतं. गॅरेजमागे जन्मलेल्या देशी पिल्लाला गाड्या चालतात पण लादी आणि बंद दार चालत नाही. ‘याला कोणीतरी खूप मारलंय वाटतं’ असं आपण पटकन म्हणतो, कधीकधी ते खरंही असतं, पण बऱ्याचदा मारबिर कोणी काही केलेलं नसतं, फक्त बघितलेलं नसतं. काही पिल्लं स्वभावानंच भित्री असतात, आईकडून आलेलं असतं ते.

अजून एक कारण म्हणजे फार लवकर आईपासून तोडणं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या श्वानपैदाशीच्या केंद्र सरकारी नियमांनुसार बंदी आहे, तरी ‘पाच आठवड्यांचं आहे, छोटं असताना न्या म्हणजे सवय होते’ म्हणणारे विक्रेते भेटतात. अजिबात ऐकू नका. पाच ते आठ आठवड्यांत पिल्लू भावंडांबरोबर मस्ती करून जे शिकतं ते आपण कितीही जीव लावला तरी शिकवू शकत नाही. आणि मजा म्हणजे साधारण आठ ते दहा आठवडे हा भीती पटकन मनात बसण्याचा काळ असतो, म्हणजे नेमकं पिल्लू घरी येतं तेव्हाच. या दिवसांत एखादा जबरदस्त दचका बसला तर तो लांबपर्यंत टिकू शकतो, म्हणून पहिले दोन आठवडे जरा जपून.

आणण्याआधी: लपायची जागा

पूर्वी पलंगाखाली जागा असायची. आता मुंबईत घरोघरी बॉक्स बेड, खाली गाद्या आणि लग्नातल्या साड्या भरलेल्या, किचनला ट्रॉल्या, सोफा जमिनीला टेकलेला. लपायला उरतं काय, तर फ्रिजची मागची बाजू, वॉशिंग मशीनमागची फट आणि टीव्ही युनिटमागचं वायरींचं जाळं. म्हणून चांगली जागा आपणच द्यायची. मोठा पुठ्ठ्याचा खोका आडवा करा, किंवा डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यावरून जुनी चादर सोडा, आत जुना टॉवेल. क्रेट (कुत्र्यासाठीचा पिंजरा) असेल तर दार काढून ठेवा किंवा उघडं बांधून टाका, वर चादर. तीन बाजू बंद, एक उघडी. महागडा गुबगुबीत डॉग बेड हॉलच्या मधोमध ठेवून काही होणार नाही, त्यावर पहिले काही दिवस कोणी बसणार नाहीये.

जागा कुठे, हे फार महत्त्वाचं. मेन दाराजवळ नको, कारण लिफ्टचा आवाज, बेल, शेजाऱ्यांची ये-जा. वॉशिंग मशीनशेजारी नको. पॅसेजमध्ये नको, तिथे येता जाता माणसं त्याला ओलांडतात. बाल्कनीत तर मुळीच नको, ऊन, पावसाची झड, कबुतरं, खालचे हॉर्न, आणि ग्रिलच्या गॅपमधून छोटं पिल्लू सहज निसटतं, घाबरलेलं असेल तर आणखीच. बेडरूमचा आतला कोपरा, कपाट आणि भिंतीमधली जागा, वन आरके असेल तर सोफ्याच्या मागे दोन फूट सोडून केलेली जागा, एवढं पुरतं. आणि घरात एक नियम भिंतीवर लिहून लावा हवं तर: पिल्लू त्या खोक्यात असताना त्याला कोणीही हात लावायचा नाही. पाहुण्यांनी नाही, मुलांनी नाही, तुम्ही पण नाही.

बाकीच्या फटी बंद करा. बुजरं पिल्लू घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात जातं आणि आपल्याकडे तिथेच डांबरगोळ्या, झुरळांची जेल, उंदराचं औषध नाहीतर मच्छरची कॉइल पडलेली असते. डांबरगोळ्या आणि देवघरातला कापूर दोन्ही कुत्र्याला विषारी. बेसिनमध्ये टाकलेल्या गोळ्या सुद्धा काढा, त्या घरंगळतात. लादी पुसायला फिनाईल काही दिवस बंदच ठेवा, सौम्य लिक्विड वापरा.

आणि लादीवरून आठवलं, व्हिट्रिफाइड टाइल्स. पिल्लू एका जागी उभं राहून थरथरतंय, पाय फाकतायत, पुढे येत नाही, आणि आपण समजतो की आपल्याला घाबरलंय. त्याला तुमची नाही, लादीची भीती वाटत असते. खोक्यापासून पाण्याच्या वाटीपर्यंत आणि तिथून शू-शीच्या जागेपर्यंत जुनी योगा मॅट, गोणपाट, पायपुसणी असं काहीही अंथरून रस्ता करा. चांगली पकड मिळाली की अर्धी पिल्लं त्याच दिवशी फिरायला लागतात, हे मी बऱ्याच वेळा बघितलंय आणि दरवेळी नवल वाटतं.

आणायचा दिवस

सकाळी आणा, सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नको. दिवसाउजेडी आलं की रात्र व्हायच्या आत घराचे वास आणि आवाज जरा तरी ओळखीचे होतात. पुढचे दोन-तीन दिवस घरी कोणीतरी असेल असं बघा. जिथून आणताय तिथलं फडकं किंवा टॉवेलचा तुकडा, आईच्या नाहीतर भावंडांच्या वासाचा, मागून घ्या आणि तो धुवू नका. ते आत्ता जे खातंय तेच खाणं आठवडाभर द्या, बदलायचं असेल तर नंतर सात ते दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला, नाहीतर भीती अधिक जुलाब असा डबल ताप होतो.

निघायच्या दोन तास आधी खायला देऊ नका, उलटी करतं. रिक्षा असेल तर आधी विचारून घ्या, आणि संध्याकाळी सहाला हायवेवर अडकायची वेळ अजिबात निवडू नका. कॅरिअर नाहीतर झाकणाची टोपली, वरून पातळ ओढणी. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पहिल्यांदा झाकूनच न्या. लॉबीत पोरं धावत येणारच, ‘काका दाखवा ना, काका दाखवा ना’. हसून सांगा, पुढच्या रविवारी. खरंच.

घरात आल्यावर टोपली खोक्याजवळ ठेवायची, झाकण उघडायचं आणि बाजूला व्हायचं. संपलं. बाहेर कधी यायचं ते त्याला ठरवू द्या. तास लागेल, रात्रही होईल. व्हिडिओ कॉलवर आत्याला नंतर दाखवा.

पहिले तीन दिवस काहीच करू नका (जवळजवळ)

प्राणी दत्तक देणाऱ्यांमध्ये तीन-तीन-तीनचा एक ठोकताळा चालतो: तीन दिवस बिथरलेले, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने आपलं घर वाटायला. हा काही शास्त्रीय नियम नाही, कुठलं पिल्लू चार दिवसांत सोफ्यावर लोळतं आणि कुठलं सहा महिने घेतं, पण घरातल्या उतावळ्या माणसांना शांत करायला उपयोगी पडतो.

या दिवसांत घरात आवाज कमी, टीव्ही बारीक, पाहुणे नाहीत, अंघोळ तर नाहीच नाही. (‘बाहेरून आलंय, आधी अंघोळ घाला’ हे प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच. ओल्या फडक्यानं पुसा फारतर.) खाणं-पाणी खोक्यापासून दोन हातांवर. तुम्ही जमिनीवर बसा, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून, डोळ्यात डोळे घालून बघू नका, वाकून उभे राहू नका. पेपर वाचा, लसूण सोला, फोन बघा, हळू आवाजात काहीतरी बोलत राहा. दिवसातून तीन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटं. लसणाची पाकळी मात्र खाली सोडू नका, कांदा-लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका कुत्र्याला वर्ज्य.

एवढ्या वेळात त्याचं अंग वाचायला शिका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शेपूट पोटाशी, कान मागे चिकटलेले, थरथर हे सगळ्यांना कळतं. न कळणाऱ्या खुणा बारीक असतात: समोर खाणं नसताना सारखी जीभ नाकावर फिरवणं, झोप नसताना जांभई, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवत बघणं, गरम होत नसताना धापा टाकणं. आणि सगळ्यात फसवी खूण म्हणजे गोठणं. मांडीवर घेतलं की एकदम दगडासारखं स्तब्ध होतं, आणि आपण म्हणतो ‘बघ कसं शांत झालं माझ्याकडे’. अहो ते शांत नाही झालं, त्याला पळायला जागा नाही म्हणून ते थिजलंय. मऊ पडलेलं अंग, मिटत आलेले डोळे, सैल तोंड असेल तर ते शांत.

गुरगुरलं तर ओरडू नका. गुरगुरणं म्हणजे ‘मागे व्हा’ असं नीट सांगणं आहे. ते दाबून टाकलंत तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.

खाणं फेकायचं, तेही त्याच्या मागे

आता खरं काम. उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, पनीर, घरात नॉनव्हेज चालत नसेल तर पनीर आणि उकडलेलं रताळं, सगळ्याचे चण्याच्या डाळीएवढे तुकडे. ग्लुकोज बिस्किटं आणि दूध नको, दुधानं बऱ्याच पिल्लांचं पोट बिघडतं आणि बिस्किटात साखरेपलीकडे काही नाही.

लोक काय करतात, तुकडा हातात धरून ‘ये ये, यू यू’ करत पिल्लाला जवळ बोलवतात. बुजऱ्या पिल्लाची यात मोठी पंचाईत होते, पोट म्हणतं पुढे जा आणि भीती म्हणते जाऊ नको, ते मान लांब करून मागचे पाय तसेच मागे ठेवून तुकडा ओढतं आणि पळतं. खाल्लं पण शिकलं काहीच नाही. त्याऐवजी तुकडा त्याच्या मागच्या बाजूला फेका. म्हणजे ते तुमच्याकडे बघतं, तुम्ही फेकता, ते तुमच्यापासून लांब जाऊन सुटकेच्या जागी खातं, आणि खाऊन झालं की स्वतःच वळून पुन्हा तुमच्याकडे बघतं. जवळ यायचं की नाही हे दरवेळी त्याच्या हातात. दोन-चार दिवसांत ते वळताना दरवेळी थोडं अजून पुढे येऊन थांबायला लागतं, आणि हे आमिष दाखवून ओढण्यापेक्षा फार पक्कं असतं.

याच्या पायऱ्या साधारण अशा: तुम्ही खोलीत नसताना खातं, तुम्ही लांब असताना खातं, तुम्ही जवळ बसलेले असताना खातं, तुमच्या पायाजवळचं उचलतं, उघड्या तळहातावरचं खातं. कुठल्याही पायरीवर खाणं बंद झालं की एक पायरी मागे. खाणं हाच तुमचा मीटर. आवडीचं चिकन समोर असून खात नाही याचा अर्थ ‘नखरे’ नाही, ‘फार जवळ आलात’ असा आहे.

हातावरून खायला लागल्यावर स्पर्श. डोक्यावरून हात नेऊ नका, वरून येणारा हात सगळ्यांनाच दचकवतो. खालून, छातीला किंवा मानेच्या बाजूला, तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. मग थांबा. ते अंग पुढे रेललं तर अजून तीन सेकंद, तिथंच उभं राहिलं किंवा तोंड फिरवलं तर आजचं पुरे. मुलांना हा तीन सेकंदांचा खेळ फार छान जमतो, मोठ्यांपेक्षा जास्त, कारण ते मोजतात.

एक गैरसमज इथेच मोडून टाकू. ‘घाबरलं असताना जवळ घेतलं तर भीती वाढते’ असं बरेच ट्रेनर सांगतात. भीती ही भावना आहे, कुरवाळल्याचं बक्षीस म्हणून कोणी जास्त घाबरत नाही. ते स्वतः तुमच्याकडे आलं, पायाशी चिकटलं, तर खुशाल जवळ घ्या. फक्त लपलेल्याला ओढून काढून जवळ घेऊ नका.

रात्र

पिल्लाला एकट्याला हॉलमध्ये किंवा बाथरूममध्ये बंद करून ‘रडून रडून झोपेल’ ही जुनी पद्धत बुजऱ्या पिल्लावर वापरू नका. आयुष्यात पहिल्यांदा ते भावंडांच्या उबेशिवाय झोपतंय. खोका किंवा क्रेट तुमच्या बेडशेजारी, हात खाली सोडला की बोटं हुंगता येतील इतका जवळ. शेजाऱ्यांनाही बरं, नाहीतर तिसऱ्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतो. आणायच्या आधीच वरच्या-खालच्यांना सांगून ठेवा की थोडे दिवस आवाज होईल, सांगितलेलं असलं की माणसं बरीच सहन करतात.

रात्री दोन-तीन तासांनी शूला उठवावं लागतं. ठोकताळा असा की जितके महिने वय त्यात एक मिळवा, साधारण तितके तास धरून ठेवू शकतं, म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त तीन तास. दिवा मंद, बोलणं नाही, पेपरवर नेलं, केलं, तुकडा दिला, परत.

शू-शीचं बाकी तेच जे कुठल्याही पिल्लाचं, झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर ठरलेल्या जागी न्यायचं. बुजऱ्यांचं वेगळं असं की तुम्ही घरी आल्यावर समोर उभे राहिलात की ते खाली बसून थोडीशी शू सोडतं. तो खोडसाळपणा नाही, ‘मी लहान आहे, मला काही करू नका’ असं सांगणं आहे. रागावलात तर वाढेल. घरात शिरल्यावर दोन मिनिटं त्याच्याकडे लक्षच देऊ नका, मग कूस करून खाली बसा, काही आठवड्यांत आपोआप कमी होतं. नाक घासणं, पेपरची सुरळी, नाण्यांचा डबा खडखडवणं हे सगळं जुन्या जमान्यात ठेवा.

आवाज: कुकर, मिक्सर, भंगारवाला, आणि मग ढोल

मुंबईच्या घराचे आवाज मोजायला बसलात तर वही भरेल. कुकरची शिट्टी, मिक्सर, बेल, वरच्या मजल्यावरचं इंटिरिअरचं ड्रिलिंग, भंगारवाल्याचा भोंगा, मेट्रोचं नाहीतर शेजारच्या रिडेव्हलपमेंटचं काम. यातलं जे तुमच्या हातात आहे त्यापासून सुरू करा.

कुकरचं उदाहरण घेऊ. शिट्टी फोनवर रेकॉर्ड करा. पिल्लू लांबच्या खोलीत, फोन दुसऱ्या खोलीत, आवाज इतका बारीक की ते फक्त कान हलवेल. शिट्टी वाजली की लगेच चिकन. क्रम महत्त्वाचा: आधी शिट्टी, मग चिकन. उलटं केलंत तर चिकन दिसलं की आता काहीतरी भयंकर होणार असं ते शिकतं. दिवसाला पाच-सहा वेळा पुरे. दचकलं नाही तरच दुसऱ्या दिवशी किंचित मोठा आवाज. शिट्टी ऐकून ते तुमच्या तोंडाकडे बघायला लागलं की समजा जमलं, मग खरा कुकर, किचनचं दार बंद आणि पिल्लू सगळ्यात लांब. मिक्सर, बेल, सगळं याच पद्धतीनं, एका वेळी एकच.

गणपती आणि दिवाळीचं वेगळं. पिल्लू उन्हाळ्यात आणलंत तर ढोल-ताशाची आणि फटाक्यांची तयारी करायला वेळ मिळतो, गणपतीच्या तोंडावर आणलंत तर मिळत नाही, मग फक्त बचाव. मिरवणूक यायच्या आधी शू-शी उरकून घ्या, आतली खोली, खिडक्या-पडदे बंद, पंखा फुल, टीव्ही चालू, खोक्यावर अजून एक गोधडी, आणि घरातलं एक माणूस त्याच्याबरोबर. त्या माणसानं विसर्जन बघायला जायचं नाही. पिल्लू फारच बिथरत असेल तर आठ दिवस आधी व्हेटशी, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरशी बोला, भीती कमी करणारी औषधं असतात आणि ती आवाज सुरू व्हायच्या आधी द्यायची असतात. माणसांची झोपेची गोळी अर्धी करून देणं वगैरे प्रकार कृपा करून करू नका.

पावसाळ्यातल्या गडगडाटालाही हेच.

माणसं

घरातल्यांशी जमलं की एकेक माणूस वाढवा. पहिला नंबर झाडू-पोछा करणाऱ्या मावशींचा, कारण त्या रोज येणार आणि त्यांच्या हातात झाडू असणार. मावशींना कुत्र्याची भीती वाटत असेल तर त्यांनाही जबरदस्ती करू नका, त्या वेळेत पिल्लू दुसऱ्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन ठेवा. भीती वाटत नसेल तर डब्यातले चार तुकडे दारातच त्यांच्या हातात द्या, आल्या आल्या फेकायचे, न बघता कामाला लागायचं. आठवड्याभरात मावशींच्या बांगड्यांचा आवाज आला की पिल्लू दाराकडे बघायला लागतं.

पाहुण्यांना फोनवरच नियम सांगा. आमच्याकडच्या एका काकांना कुत्र्यांचा फार लळा, ‘मला काही करत नाहीत कुत्री’ म्हणत सरळ खोक्यात हात घालायचे. अशा प्रेमळ माणसांपासूनच बुजऱ्या पिल्लाला जास्त वाचवावं लागतं. त्यांच्या हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात बिस्किटाची बशी द्या, दोन्ही हात अडकले की प्रश्न सुटतो.

व्हेट आणि लसी

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं साधारण सोळा आठवड्यांपर्यंत डोस, रेबीजची तीन महिन्यांनंतर. तारखा तुमचा व्हेट ठरवेल. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन्ही आजार जीवघेणे, आणि आपल्याकडे लेप्टो पण, पावसात साचलेलं पाणी आणि उंदीर म्हटल्यावर लेप्टोचा डोस चुकवू नका. रेबीजचं सर्टिफिकेट महापालिकेच्या कुत्र्याच्या लायसन्सलाही लागतं, आणि ते लायसन्स काढणं सक्तीचं आहे.

बुजऱ्याला वेटिंगच्या बाकावर भुंकणाऱ्या तीन कुत्र्यांमध्ये बसवू नका. रिसेप्शनला नाव सांगा आणि बाहेर थांबा, नंबर आला की फोन करा म्हणावं. टेबलावर घरची मॅट अंथरा. जमलं तर एखाददोन वेळा नुसतं वजन करायला न्या, टोचायचं काही नाही, तुकडा खायचा आणि परत. परळचं बैलघोडा हॉस्पिटल मोठं आहे, स्वस्त आहे, पण गर्दी आणि आवाज प्रचंड, तेव्हा साध्या लसीसाठी जवळचा छोटा दवाखाना बरा.

भीती समजून आजार दुर्लक्षित होऊ शकतो हेही सांगतो. लहान पिल्लू अर्धा दिवस काहीच खात नसेल, उलट्या, रक्ताचे किंवा भयंकर वासाचे जुलाब, हिरड्या पांढऱ्या, उठायची ताकद नाही, यातलं काहीही असेल तर ते ‘रुळतंय’ म्हणून वाट बघू नका, त्याच दिवशी न्या. पार्व्होत तासांचा हिशेब असतो.

खाली उतरवणं

लसी पूर्ण होऊन एक-दोन आठवडे जाईपर्यंत रस्त्यावर पाय टेकवू नका, पण घरात कोंडूनही ठेवू नका, कारण ते मौल्यवान आठवडे निघून जातात. झोळीत नाहीतर कडेवर घेऊन फिरा. एक लक्षात ठेवा, कडेवर घेतलं म्हणजे त्याची पळायची वाट बंद झाली, तेव्हा त्याचे पाय तुम्ही. अंग ताठ झालं, नाक बगलेत खुपसलं, की तुम्ही वळून लांब जायचं.

पायऱ्या फार छोट्या ठेवा. दार उघडं ठेवून उंबरठ्यावर बसणं. मग मजल्यावरचा पॅसेज. मग रिकामी लिफ्ट, दार उघडं ठेवून आत-बाहेर. मग लॉबी, वॉचमन काकांकडून एक तुकडा. मग गेट. एकेका पायरीला दोन दिवसही लागतील, दोन आठवडेही. लिफ्टमध्ये कुत्र्याला बंदी अशी पाटी असेल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं परिपत्रक कमिटीला दाखवा, पण गोड बोलून, कारण तुम्हाला त्याच लिफ्टमध्ये पुढची बारा वर्षं जायचंय.

हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) आधी घरात, जेवायच्या वेळी पाच मिनिटं. नुसता गळ्यातला पट्टा बुजऱ्या पिल्लाला पुरत नाही, टायर फुटल्याचा आवाज आला की ते उलटं ओढून मान सोडवतं आणि मुंबईच्या रस्त्यावर सुटलेलं घाबरलेलं पिल्लू सापडणं फार कठीण. हार्नेस आणि पट्टा दोन्ही, लीश दोन्हींना, गळ्यात तुमच्या फोन नंबरचा बिल्ला. पहाटे दूधवाले येऊन गेल्यावर आणि शाळेच्या बस सुरू व्हायच्या आधी जो अर्धा-पाऊण तास मिळतो तो वापरा. रात्री उशिरा रस्ता रिकामा दिसतो पण तेव्हा गल्लीतली कुत्री जास्त जागरूक असतात. त्यांना खायला घालणारे कोणीतरी असतातच, त्यांच्याशी ओळख करून घ्या, कुठलं कुत्रं दिलदार आणि कुठलं तिरसट हे त्यांना अचूक माहीत असतं.

रस्त्यावर लांब जायला जागा नसते तेव्हा आडोसा शोधा. पार्क केलेल्या गाड्या यासाठी झकास. समोरून मोठं कुत्रं, बँजो पार्टी, काहीही आलं की दोन गाड्यांमधल्या फटीत शिरा, तुम्ही रस्त्याच्या बाजूला, पिल्लू आत, आणि ते जाईपर्यंत एकेक तुकडा देत राहा. नजरेआड झालं की पिल्लाला ते दुप्पट लांब वाटतं. ते पुढे जायला तयार नसेल तर ओढू नका, परत घरी. दोनशे मीटरचा राउंड झाला नाही म्हणून काही बिघडत नाही.

आठवड्यात सरळ करून देतो म्हणणारा, चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) वापरणारा ट्रेनर बुजऱ्या पिल्लाला दाखवू सुद्धा नका. तीन-चार आठवडे नीट करूनही ते खोक्याबाहेर येतच नसेल, किंवा चावायला लागलं असेल, तर व्हेटला विचारून वर्तनतज्ज्ञ शोधा, दुखणं नाही ना हे आधी तपासून घ्या.

आणि सहा महिने ते वर्ष-सव्वा वर्षाच्या मध्ये कधीतरी, सगळं छान चाललेलं असताना, ते अचानक रोजच्या कचऱ्याच्या डब्याला किंवा वॉचमन काकांच्या छत्रीला घाबरायला लागेल. वयात येताना होतं असं. नवीन काही शिकवू नका, छत्रीपासून लांबून चला, छत्री दिसली की तुकडा, आणि पहिल्या महिन्यात जे केलंत तेच पुन्हा थोड्या दिवसांसाठी करा. खोका तोपर्यंत फेकू नका.